फुल्यांचं पुणे पायी : विश्रामबागवाडा ते गंज पेठ फेरीच्या कामाच्या नोंदी

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या राहत्या भागात रविवार सकाळची पायी फेरी बसवताना ठेवलेल्या या नोंदी. असंच काम दुसऱ्या गावात, दुसऱ्या माणसाबद्दल करणाऱ्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून फसलेल्या गोष्टीही तशाच ठेवल्या आहेत.

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

कागदावर मार्ग आखला. ठिकाणं सनावळीने लावली, कारण चरित्र सांगायचं तर तेच सरळ वाटलं. गंज पेठेतला फुलेवाडा, मग १८४८च्या मुलींच्या शाळेसाठी बुधवार पेठेतला भिडेवाडा, १८५२च्या शाळेसाठी जुनी वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ, त्याच वर्षीच्या सत्कारासाठी विश्रामबागवाडा आणि शेवटी परत गंज पेठ. मोबाइलच्या नकाशावर साधारण साडेपाच किलोमीटर भरले. 'दोन तासांत होईल' असं लिहून ठेवलं. चुकलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

संध्याकाळी साडेचारला दोघांनी मार्ग चालून पाहिला. दिवाळीच्या आधीचा रविवार, लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. कुठेही न थांबता, एक शब्दही न बोलता नुसतं चालायला १ तास ५० मिनिटं लागली. थांबे धरले तर साडेतीन तास झाले असते.

गर्दीचा दोष अर्धाच. सनावळीने गेलं की एकच भाग दोनदा ओलांडावा लागतो. बुधवारातून गुरुवारात, गुरुवारातून पुन्हा पश्चिमेला विश्रामबागवाड्यापर्यंत आणि तिथून पूर्वेला गंज पेठेत. माणसाचं आयुष्य रस्त्याच्या क्रमाने घडत नाही. वॉक मात्र रस्त्याच्याच क्रमाने न्यावा लागतो. पहिला मार्ग रद्द.

नवा मार्ग: विश्रामबागवाड्याच्या दारातून सुरुवात, बाजीराव रस्त्याने लक्ष्मी रस्त्यावर, पूर्वेला बेलबाग चौकापर्यंत, तिथे डावीकडे शिवाजी रस्त्याला वळून भिडेवाड्याची जागा. त्याच रस्त्याने उलट दक्षिणेला महात्मा फुले मंडई, मग गुरुवार पेठेतून गंज पेठेत फुलेवाडा. सव्वादोन ते अडीच किलोमीटर. शेवट वाड्यातल्या जोतीरावांच्या समाधीपाशी होतो हा फायदा. सनं मात्र १८५२, १८४८, १८८६, पुन्हा १८५२ अशी उड्या मारतात. ते कसं सांभाळायचं ते नंतर पाहू.

वेळ रविवारी सकाळी ७. साडेनऊच्या आत संपलं पाहिजे. त्यानंतर तुळशीबाग आणि मंडईचा परिसर गटाने चालण्यासारखा राहत नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

परवानगीचं पत्र दिलं. रस्त्यावरून पंधरा माणसं चालत जाणार एवढ्यासाठी फार काही लागत नाही, पण वाड्याच्या आवारात गट अर्धा तास बसणार, बोलणार, तर विचारलेलं बरं. पत्र चुकीच्या कार्यालयात गेलं आणि तिथेच नऊ दिवस पडून राहिलं. पुढे जे करणार त्यांच्यासाठी: पत्र टाकण्याआधी प्रत्यक्ष वाड्यावर जाऊन तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा की अर्ज नेमका कोणाच्या नावे आणि कुठल्या टेबलावर द्यायचा. दहा मिनिटांचं काम. पत्रात चार गोष्टी लिहा: तारीख, येण्याची आणि निघण्याची वेळ, माणसांची संख्या, माइक असेल की नाही. आवक शिक्का मारलेली प्रत फेरीच्या दिवशी खिशात हवी.

सोमवार, २७ ऑक्टोबर

छापील चित्रं आली. भिडेवाड्यापाशी चित्र लागतंच, कारण दाखवायला वाडा उरलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जागेचा वाद निकाली निघाल्यावर डिसेंबरमध्ये तो उतरवला गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्मारकाचं भूमिपूजन झालं. तिथे उभं राहून 'याच वाड्यात' म्हटलं की माणसं समोर बघतात आणि मग सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

ए-३ आकाराची आठ चित्रं, चकचकीत लॅमिनेशन, ९६० रुपये. टेबलावर सुरेख दिसतात.

रविवार, २ नोव्हेंबर : पहिली चाचणी, ओळखीची ११ माणसं

चित्रं वाया गेली. भिडेवाड्याच्या जागेसमोर पावणेआठला ऊन तिरपं येतं. चकचकीत प्लास्टिकवर ते पडलं आणि अर्ध्या लोकांना चित्राच्या जागी नुसता पांढरा पट्टा दिसला. हात वाकवून पाहिला, तर मग उरलेल्या अर्ध्यांना दिसेना.

जमण्याची जागाही चुकली. सोयीचं म्हणून मंडई मेट्रो स्थानकापाशी बोलावलं होतं. 'स्थानकाच्या दारात' एवढंच लिहिलं. दारं एकाहून जास्त. चार जण एकीकडे, सात दुसरीकडे, आणि फोनाफोनीत १८ मिनिटं गेली. आता सरळ विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागासमोर, लाकडी खांबांखाली, ६.५०ला. मेट्रोने येणारे मंडईला उतरून चालत येतात, पाच-सात मिनिटं लागतात.

आणखी एक चूक, बोलण्यातली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला. हे सांगताना 'याच नक्षीखाली' असं बोललं गेलं. गटातल्या एका वास्तुरचनाकाराने तिथल्या तिथे टोकलं: १८७९च्या आगीत वाड्याचा काही भाग जळला होता, मग ही नक्षी तीच कशावरून? मुद्दा बरोबर. आता 'या वाड्यात' एवढंच म्हणायचं. जागा दाखवताना बोट आपोआप जवळच्या वस्तूकडे जातं. पुरावा मात्र बहुतेक वेळा वाड्यापर्यंतच पोचतो, खांबापर्यंत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर : दुसरी चाचणी, २३ माणसं

माणसं जास्त झाली. बेलबाग चौकात गट तुटला: पुढचे तेरा पलीकडे, मागचे दहा अलीकडे, आणि मध्ये सलग वाहनं. पुढच्याने बोलायला सुरुवात केली तेव्हा मागचे अजून रस्ता ओलांडत होते. त्यांनी भिडेवाड्याची गोष्ट अर्धी ऐकली.

ठरवलं: जास्तीत जास्त १६. पुढे एक आणि मागे एक, दोघांच्या अंगात चकाकत्या पट्ट्यांची जाकिटं (जोडी ३०० रुपये). मागच्याने हात वर केल्याशिवाय पुढच्याने तोंड उघडायचं नाही. मागच्याचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. नवख्याला मागे ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. रेंगाळलेल्या माणसाला न दुखावता पुढे आणणं हे अनुभवाचं काम.

कमरेला बांधायचा आवाजवर्धक आजपासून वापरला, १,८५० रुपये. शिवाजी रस्त्यावर उपयोगी. गुरुवार पेठेतल्या अरुंद गल्लीत मात्र दोन्हीकडच्या भिंतींवरून आवाज घुमला, आणि एका काकूंनी खिडकी उघडून 'रविवार आहे हो आज' एवढंच सांगितलं. त्यांचं चूक नव्हतं. गल्लीत आता काहीच सांगायचं नाही, नुसतं चालायचं. वेताळ पेठेचा थांबा चौकात घ्यायचा, तोही माइक बंद करून, लोकांना जवळ घेऊन.

त्या थांब्याचा मजकूर कापला. १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत शाळा निघाली. आधीच्या वर्षी ३ जुलैला बुधवार पेठेत चिपळूणकर वाड्यातली आणि १७ सप्टेंबरला रास्ता पेठेतली. या तीन तारखा ओळीने सांगितल्या की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर साय येते, ती समोर दिसली. एकच गोष्ट ठेवली: फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध, १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेला. आधी सांगणाऱ्यानेच त्यातलं पानभर वाचलं, सहा मिनिटं, उन्हात. आता चार ओळींची झेरॉक्स गटातल्या कोणाला तरी द्यायची, शक्यतो शाळकरी मुलीला. मुक्ता तेव्हा चौदाच्या आसपासची. वाचणारी तेवढीच असली की वेगळं काही सांगावं लागत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सनांच्या उड्यांवर उपाय सापडला: सुतळी.

साडेतीन मीटर सुतळी. एका वर्षाला ५ सेंटिमीटर, म्हणजे दर दहा वर्षांना अर्ध्या मीटरवर एक गाठ. डावं टोक १८२७, जोतीरावांचा जन्म. उजवं टोक १८९७, सावित्रीबाईंचा मृत्यू. सत्तर वर्षं बरोबर ३५० सेंटिमीटर होतात. प्रत्येक थांब्यावर दोघांनी सुतळी ताणून धरायची आणि तिसऱ्याने त्या सनाचं कार्ड कपड्यांच्या चिमट्याने योग्य जागी लावायचं. मग सांगण्याचा क्रम कसाही असो, सुतळीवरचा क्रम बरोबरच राहतो.

पहिल्या प्रयत्नात वर्षं न मोजता बाराही कार्डं सारख्या अंतरावर लावली होती. दिसायला नीटनेटकं, अर्थाने खोटं. मोजून लावल्यावर १८४८, १८४९, १८५१ आणि १८५२ ही चार कार्डं २० सेंटिमीटरच्या जागेत एकमेकांवर चढली. पोस्टकार्डाएवढं कार्ड साडेदहा सेंटिमीटर रुंद, मावणार कसं? कार्डं लहान करायचा विचार होता, तो सोडला. ही दाटी पाहूनच माणसं थांबतात. वयाच्या एकविसाव्या ते पंचविसाव्या वर्षांत या माणसाने काय काय केलं, ते सुतळीच सांगते. कार्डं एकमेकांखाली यावीत म्हणून चौघांना वेगवेगळ्या लांबीचा दोरा बांधला: ०, १५, ३० आणि ४५ सेंटिमीटर.

सुतळी काथ्याची घ्यावी, नायलॉनची नको. नायलॉनवर चिमटे घसरतात आणि मध्ये झोळ पडला की सगळी कार्डं १८६०कडे गोळा होतात. सुतळी आणि चिमटे मिळून १२० रुपये. एवढ्या कामात सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू हीच.

चित्रं पुन्हा छापून घेतली, या वेळी मॅट लॅमिनेशन, १,१४० रुपये. कार्डंही त्यातच बसली.

रविवार, २३ नोव्हेंबर : तिसरी चाचणी, १४ माणसं

वेळा घड्याळ लावून मोजल्या. विश्रामबागवाडा १२ मिनिटं, भिडेवाडा ८, मंडई १५, वेताळ पेठ ६, फुलेवाडा ३५. चालणं आणि रस्ते ओलांडणं ५२. एकूण २ तास ८ मिनिटं. गट ताशी तीन किलोमीटरच्याही खाली चालतो, एकट्याच्या वेगाने हिशोब करू नये.

भिडेवाड्याचा थांबा १५ मिनिटांवरून ८वर आणला. समोर दगडूशेठ गणपती, सकाळीही दर्शनाला येणारे-जाणारे, पदपथ अडवून उभं राहणं बरं नाही. शाळेची तारीखही कार्डावरून काढली. १ जानेवारी १८४८ ही तारीख सर्वत्र दिसते, ऑगस्ट १८४८ असंही लिहिलेलं आढळतं. कार्डावर फक्त १८४८. कोणी विचारलं तर दोन्ही सांगायच्या, न विचारता त्यात तीन मिनिटं घालवायची नाहीत.

एक थांबा पुरता काढून टाकला. १८४९ मध्ये वडिलांचं घर सोडावं लागल्यावर फुले दांपत्याला गंज पेठेत उस्मान शेख यांच्याकडे आसरा मिळाला. ते घर दाखवा, ही मागणी प्रत्येक चाचणीत आली. पेठ दाखवता येते. एखाद्या दाराकडे बोट दाखवायचं तर त्या दाराचा कागद हातात हवा. पुढच्या फेरीला लोक त्या दाराचे फोटो काढतील आणि आत राहणाऱ्यांची रोजची सकाळ जाईल, तेही चुकीच्या घरासाठी. १८४९चं कार्ड पेठेत शिरताना लावायचं, चालता चालता दोन वाक्यं, बस.

मंडईपाशी हमखास येणारा गैरसमज: फुल्यांनी मंडई बांधली. नाही. १८८६ साली ती उघडली तेव्हा तिचं नाव गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून 'रे मार्केट' होतं, फुल्यांचं नाव पुढे आलं. १८७६पासून काही वर्षं फुले पुणे नगरपालिकेत सदस्य होते. लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायला त्यांनी विरोध केला, ते पैसे शिक्षणावर लावा म्हणून. ही गोष्ट सांगायला मंडईचा मनोरा चांगली पार्श्वभूमी आहे. अष्टकोनी मनोऱ्याची चित्रं काढण्यातच पाच मिनिटं जातात, म्हणून आधी बोलायचं आणि मग फोटोला मोकळीक द्यायची. उलट केलं की माणसं परत गोळा होत नाहीत. भाजी घ्यायची असेल त्यांनी परतीच्या वाटेवर घ्यावी. एकांनी मेथीची जुडी घेतली आणि तिचं पाणी पुढे चित्रांच्या पिशवीत उतरलं.

रविवार, ३० नोव्हेंबर : पहिली खुली फेरी, १६ माणसं

२८ नोव्हेंबर हा जोतीरावांचा स्मृतिदिन. त्या दिवशी वाड्यावर मोठी गर्दी असते, म्हणून मुद्दाम दोन दिवसांनी. ३ जानेवारी आणि ११ एप्रिल या सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या जयंत्यांनाही हेच पथ्य पाळायचं.

वाड्यात एक दुरुस्ती करावी लागली. १८६८ मध्ये जोतीरावांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. वाड्याच्या आवारात विहीर आहे. सांगताना बोट विहिरीकडे गेलं आणि तोंडातून 'ही विहीर' निघालं. गटातल्या शिक्षिकेने विचारलं, पुस्तकात तर हौद आहे ना? हौद तो हौद, विहीर ती विहीर. आता १८६८चं कार्ड लावताना विहिरीकडे पाठ करून उभं राहायचं असा साधा नियम केला. हसू येतं, पण बोट आवरायला दुसरा उपाय सापडला नाही.

३५ मिनिटांतली पंधरा १८९०वर जातात आणि ती जावीतच. देह जाळू नये, घरामागे पुरावा अशी जोतीरावांची इच्छा होती. पालिकेने परवानगी नाकारली, दहन झालं आणि अस्थी वाड्यात ठेवल्या गेल्या. अंत्यविधीच्या वेळी टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. हे आवाज न चढवता, माइक पूर्ण बंद ठेवून सांगायचं. टिटवं म्हणजे काय हे गटातल्या विशीतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. अंत्ययात्रेपुढे धरायचं मडकं, आणि ते धरण्याचा मान पुरुष वारसाचा, हे आधी सांगितलं नाही तर गोष्टीतला दम जातो. पहिल्या दोन चाचण्यांत गेलाच.

मग शेवटचं कार्ड, १८९७. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनाच लागण झाली, १० मार्चला त्या गेल्या. सुतळीवर १८९० आणि १८९७ यांच्यामध्ये ३५ सेंटिमीटर रिकामी जागा राहते. एका मुलाने ती बोटाने मोजली आणि विचारलं, 'या सात वर्षांत त्या एकट्याच होत्या का?' सत्यशोधक समाजाचं काम त्यांनी पुढे चालू ठेवलं, दत्तक मुलगा यशवंत होता, एवढं सांगितलं. इथे एक कार्ड कमी आहे हे त्यामुळे कळलं. तेरावं कार्ड हाताने लिहून जोडलं.

लहुजी वस्ताद साळव्यांबद्दल (१७९४–१८८१) दोघांनी विचारलं. जोतीराव त्यांच्याकडे दांडपट्टा, नेमबाजी शिकले. समाधी संगमवाडीला, पायी टप्प्याबाहेर. त्यासाठी वेगळी फेरीच हवी, या फेरीत कोंबायचं नाही.

रविवार, ७ डिसेंबर : दुसरी खुली फेरी, फसली

संकष्टी. पंचांग पाहिलंच नव्हतं. दगडूशेठच्या रांगेने शिवाजी रस्त्याची एक बाजू भरलेली, भिडेवाड्यासमोर सोळा माणसांना उभं करायला जागा नाही. सुतळी ताणायची म्हणजे रांग अडवायची. थांबा रद्द केला, मंडईपाशी एका कडेला १८४८चं कार्ड लावलं आणि चित्र तिथेच दाखवलं. २५ मिनिटं गेली, वाड्यातला वेळ वीसवर आला आणि टिटव्याची गोष्ट पुन्हा घाईत झाली.

पुढच्या वर्षाच्या सगळ्या चतुर्थ्या कॅलेंडरवर लाल केल्या. अंगारकी, माघी गणेशजयंती आणि भाद्रपदातले दहा दिवस तर सोडूनच द्यायचे. आड वाट म्हणून लक्ष्मी रस्त्यावरून तुळशीबागेच्या अंगाने थेट मंडई गाठण्याचा मार्ग चालून पाहिला. चालतो, पण भिडेवाडा हुकतो. फक्त अडचणीच्या वेळेसाठी.

रविवार, १४ डिसेंबर : तिसरी खुली फेरी, १५ माणसं

२ तास ११ मिनिटं. गट कुठेही तुटला नाही. एका आजोबांना वेताळ पेठेनंतर दम लागला, मागच्याने रिक्षा करून त्यांना वाड्यावर पुढे पाठवलं, ६० रुपये. तेव्हापासून मागच्याकडे दोनशे रुपये सुटे. नोंदणीच्या संदेशात आता लिहितो: अडीच किलोमीटर, बसायला जागा फक्त शेवटी, पाणी स्वतःचं, शौचालय निघण्याआधी उरकून यावं. परतीला स्वारगेट वाड्यापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, तिथून मेट्रो आणि पीएमपी दोन्ही.

आजवरचा खर्च: वाया गेलेली चित्रं ९६०, नवी चित्रं आणि कार्डं १,१४०, आवाजवर्धक १,८५०, जाकिटं ३००, सुतळी-चिमटे १२०, प्रथमोपचार पेटी ४२०. एकूण ४,७९० रुपये. झेरॉक्स आणि रिक्षा यात धरलेल्या नाहीत. माणशी शंभर रुपये वर्गणी ठेवली, शाळकरी मुलांना माफ. तीन खुल्या फेऱ्यांत ३,९०० जमले.

राहिलेलं काम: तेरावं कार्ड नीट छापून घेणं. ४५ सेंटिमीटरवालं कार्ड वाऱ्यावर फिरतं आणि पाठ दाखवतं, त्याला खाली वजन म्हणून नट बांधून पाहायचा. आणि आवाजवर्धकाची बॅटरी मंडईनंतर मान टाकते. रात्री चार्जिंगला लावायची आठवण यादीत सगळ्यात वर.